नडगी दुखते म्हणून कथक सोडायचं?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला, लहानपणापासून कथक शिकतेय, विशारद या नृत्यपरीक्षेची तयारी चालू आहे आणि महिनाभर दोन्ही नडग्या दुखतायत. नाच बंद करून तिनं ‘नीट’च्या मागे लागावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी दुखणं काय आहे ते कळू द्या. हाडावर बोटानं दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तत्कार, म्हणजे पाय आपटून करायचं पदकाम, लगेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पाळी चुकत असेल, जेवण कमी झालं असेल तर तेही सांगा. हाडं त्यानंही कमकुवत होतात आणि मुली हे आपणहून बोलत नाहीत.

परीक्षेसाठी रियाज एका तासावरून एकदम ३ तासांवर गेला, तोही घरच्या फरशीवर, असं तुम्ही लिहिलंय. मला खरी गोम तिथेच दिसते. खाली काँक्रीट, पायात शे-दीडशे घुंगरू. हादरा नडगीलाच बसणार. डॉक्टरांनी परवानगी दिली की घुंगरांशिवाय, विलंबित म्हणजे संथ लयीत सुरुवात करू दे आणि वेळ आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवू दे. सोबत पोटऱ्या, मांड्या, कंबर यांच्या ताकदीचे व्यायाम हवेतच. एका पायावर उभं राहून टाच वीसेक वेळा उचलता येते का, बघा. बऱ्याच चांगल्या नर्तकींची पोटरी दहा-बारालाच थकते. विश्रांतीच्या काळात पढंत, म्हणजे तोंडानं बोल म्हणणं, आणि बसून भाव करता येतो. गुरूंशी हे तुम्ही स्वतः बोला, मुलीवर सोडू नका.

आता करिअर. नृत्यातच पदवी घ्यायची तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे. बायोलॉजी आवडत असेल तर फिजिओथेरपीचा विचार जरूर करा. महाराष्ट्रात त्याचा प्रवेशही ‘नीट’मधूनच होतो, म्हणजे अभ्यास वाया जात नाही. नर्तकांच्या दुखापतींवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९९० पासून आहे. आपल्याकडे फक्त नर्तकांवर प्रॅक्टिस चालणं अवघड, इतर पेशंट घ्यावेच लागतील. पण तत्कार स्वतः केलेली फिजिओ आपल्या नृत्यवर्गांना फार हवी आहे, असं मला मनापासून वाटतं.

रिपोर्ट आले की कळवा आणि या वेळी चार ओळी तिलाही लिहू द्या. तिला काय हवंय, ते तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं.