पहिला पीआर टाकलाय, पुढं काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात सपोर्ट इंजिनिअर आहे. रोज कुबरनेटिसवर (अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणारी, सांभाळणारी ओपन सोर्स प्रणाली) काम असल्यामुळं त्याच्या साइटवरची डॉक्स, म्हणजे माहितीची पानं, सतत वाचते. एका पानावर आधी नेमस्पेस, म्हणजे कुबरनेटिसमधला वेगळा कप्पा, तयार करायला सांगितलंय. पुढची कमांड त्याच नेमस्पेसमध्ये चालवायची, हे एका वाक्यात लिहिलं तर नवीन माणूस अडणार नाही असं वाटलं, म्हणून ते वाक्य घालून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घ्यायची विनंती) टाकला. लगेच रोबोटच्या कमेंट आल्या. एकीत ठळक अक्षरांत ‘नॉट अप्रूव्ड’, दुसरीत लाल फुली. त्यानंतर कुणी काही बोललेलं नाही. एवढ्याशा बदलासाठी कुणाला विचारणं बरं दिसेल का, की बंद करून टाकू? माझं इंग्रजीही बेताचंच आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बंद अजिबात करू नकोस. तुझा बदल कुणी नाकारलेला नाही, तो अजून कुणी पाहिलेलाच नाही. ‘नॉट अप्रूव्ड’ ही कमेंट या साइटवरच्या जवळपास प्रत्येक नव्या पीआरवर पडते, माझ्याही पडते. ती पूर्ण वाच. मंजुरीचा अधिकार असलेल्या एखाद्या व्यक्तीचं नाव रोबोटनं तिथंच सुचवलेलं असतं. पीआर आत जायला दोन लेबलं लागतात. मजकूर वाचून कुणीतरी ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टू मी, म्हणजे मला ठीक वाटतं) म्हणायचं आणि मंजुरी देणाऱ्यानं ‘अप्रूव्ह’ म्हणायचं. दोन्ही लागली आणि बाकी काही अडत नसलं की मर्जचं, म्हणजे बदल मूळ साइटमध्ये मिसळण्याचं, काम रोबोटच करतो.

खरी अडचण लाल फुलीची आहे. ती फुली सीएलएची, म्हणजे योगदानाच्या कराराची. कुबरनेटिस 2016 पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या सीएनसीएफ (क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन) या संस्थेकडे आहे आणि या प्रकल्पात एक शब्द बदलायचा तरी हा करार लागतो. ‘सीएनसीएफ-सीएलए : नो’ हे लेबल असेपर्यंत पीआर मर्ज होत नाही, आणि असा पीआर तपासणारे सहसा मागे ठेवतात. कमेंटमधल्या लिंकवरून सही करता येते, पण त्याआधी दोन गोष्टी बघून घे. कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) गेलेला ईमेल तुझ्या गिटहब (पीआर टाकतो ती साइट) खात्याला जोडलेला आहे का? ऑफिसच्या लॅपटॉपवर गिटमध्ये ऑफिसचा ईमेल बसवलेला असतो आणि गिटहबचं खातं कॉलेजच्या काळातलं, जीमेलवरचं असतं. मग सही करूनही फुली जात नाही. दुसरं म्हणजे, हे काम तू नोकरीचा भाग म्हणून करतेयस की स्वतःहून? नोकरीचा भाग असेल तर कंपनीच्या नावानं करार लागतो, आणि तो कंपनीनं आधीच केलेला असू शकतो. मॅनेजरला विचार. सगळं जुळलं की पीआरवर स्लॅश देऊन ‘ईझीसीएलए’ एवढीच कमेंट टाक, रोबोट पुन्हा तपासतो.

आता माणसांकडं येऊ. मी या साइटचे पीआर रात्री जेवणं उरकल्यावर तपासते. बदललेल्या ओळी मी नंतर बघते, आधी नेटलिफाय या सेवेनं बनवून दिलेला प्रिव्ह्यू उघडते. त्यात तुझं वाक्य घातलेलं अख्खं पान तयार दिसतं. ते मी नवख्या माणसासारखी वरून वाचत येते. नवं वाक्य वाचताना अडखळले नाही तर अर्धं काम झालं. मग वर्णन वाचते. तिथं नुसतं ‘डॉक्स अपडेट केले’ लिहिलेलं असेल तर काय बदललं आणि का, हे मलाच शोधत बसावं लागतं. तेच ‘या पानावरच्या पायऱ्या मी मिनीक्यूबवर चालवून पाहिल्या, तिसऱ्या पायरीला कमांड डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये जाते आणि पॉड सापडत नाही, म्हणून हे वाक्य घातलं’ असं लिहिलेलं असलं की माझी वीस मिनिटं वाचतात. (मिनीक्यूब म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणारं छोटं कुबरनेटिस, पॉड म्हणजे त्यात चालणारा ॲपचा घटक.) प्रिव्ह्यूमधल्या त्या पानाची लिंकही वर्णनात देऊन ठेव. वर्णन कधीही सुधारता येतं, आजच सुधार. एखादा इश्यू (आधी नोंदवलेली तक्रार) या बदलानं सुटत असेल तर ‘फिक्सेस’ आणि त्याचा नंबर वर्णनातच लिही. कमिट मेसेजमध्ये लिहिलास तर रोबोट तिथंही अडवतो.

आणि पीआरमध्ये एकच गोष्ट ठेव. हातासरशी म्हणून खालचे तीन स्वल्पविराम आणि एक मोडकी लिंकही त्यात घालायचा मोह होईल. नको. नेमस्पेसचं वाक्य दोन मिनिटांत पटेल, पण त्या लिंकच्या जागी कुठली लिंक हवी यावर चर्चा सुरू झाली तर तुझं वाक्यही तिच्याबरोबर लटकेल. शिवाय ‘एलजीटीएम’ मिळाल्यावर नवं कमिट ढकललंस तर ते लेबल निघतं आणि वाचणाऱ्याला परत पहिल्यापासून बघावं लागतं.

विचारणं बरं दिसेल का? दिसेल, जरूर विचार. फुली गेली आणि वर्णन नीट झालं की रोबोटनं सुचवलेल्या व्यक्तीला ‘असाइन’ कर. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर कुबरनेटिसच्या स्लॅकवर (गप्पांच्या ॲपवर) सिग-डॉक्सच्या, म्हणजे डॉक्स सांभाळणाऱ्या गटाच्या, चॅनेलवर पीआरची लिंक टाकून एका ओळीत विचार. तिथं दर आठवड्याला एका मंजुरीदाराची पाळी लावलेली असते, त्याला पीआर रँगलर म्हणतात, आणि आलेले पीआर मार्गी लावणं हेच त्याचं त्या आठवड्याचं काम. वेगवेगळ्या पाच जणांना खाजगी मेसेज मात्र करू नकोस. नव्वद दिवस पीआरवर काहीच हालचाल झाली नाही तर रोबोट त्याला ‘स्टेल’ (शिळा) ठरवतो, त्यानंतर तीस दिवसांनी ‘रॉटन’ (कुजका) आणि आणखी तीस दिवसांनी बंद. त्यातही कुणाचा राग नसतो, पुन्हा उघडता येतो.

इंग्रजीची काळजी करू नकोस, हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. त्या साइटचा लेखनाचा नियमच सांगतो की वर्तमानकाळ वापरा, वाचणाऱ्याला थेट ‘यू’ म्हणा, लॅटिन संक्षेप टाळा, आणि ‘जस्ट’, ‘सिम्पली’, ‘ईझी’ असे शब्द घालू नका, कारण अडलेल्या माणसाला ते टोचतात. मराठी माध्यमातून शिकून आलेली मुलं लिहितात ती छोटी, सरळ वाक्यं तिथं हवीच असतात. आणि कुठं अडायला होतं हे तुला रोज सपोर्टला बसून दिसतं. आम्ही तीच पानं वर्षानुवर्षं वाचत आलोय, आम्हाला ते दिसायचं बंद झालंय.

प्रश्न : मी कोकणातल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. ओपन सोर्सची ओळख म्हणून तृतीय वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांना अशा साइटवर प्रत्येकी एक पीआर टाकायला लावून त्याला दहा गुण द्यावेत असं योजलं आहे. काय वाटतं?

उत्तर : सर, हेतू चांगला आहे, पण हे कृपा करून करू नका. साठ मुलांना महिनाअखेरीपर्यंत काहीतरी बदलायचंच असेल तर ती चांगल्या वाक्यातला शब्द बदलतील आणि ते साठ पीआर कुणीतरी पदरचा वेळ घालून वाचेल. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात ठरावीक पीआर टाकले की टी-शर्ट मिळायचा, त्या उपक्रमात) टी-शर्टच्या नादानं हेच झालं. निरर्थक पीआरांनी प्रकल्प इतके बेजार झाले की महिना संपायच्या आत आयोजक कंपनी डिजिटलओशनला नियम बदलावा लागला, आणि जो प्रकल्प स्वतःहून भाग घेईल तिथलेच पीआर धरायचे असं ठरलं.

गुण वाचनाला द्या. मुलांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीनं एक ट्युटोरियल मिनीक्यूबवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायचं आणि कुठं अडलो, स्क्रीनवर काय आलं, ते वहीत लिहायचं. त्यात खरोखर काही सापडलं तर आधीच्या इश्यूंमध्ये शोधायचं आणि तिथं नसलं तरच नवा इश्यू. ज्यांना पुढं जायचंय त्यांनी दुसऱ्यांच्या पीआरचे प्रिव्ह्यू वाचून ‘या पायऱ्या मी चालवल्या, चालतात’ अशी कमेंट करावी. त्याला कुबरनेटिसच्या संघटनेचं सभासद असावं लागत नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त चणचण अशाच मदतीची असते.

एक तांत्रिक गोष्ट त्यांना आधीच सांगा. कमांडच्या आणि एपीआयच्या (प्रोग्रामांनी कुबरनेटिसशी बोलायच्या रीतीच्या) संदर्भाची पानं मूळ कोडमधून आपोआप तयार होतात. तिथली चूक पानावर सुधारली तर पुढच्या वेळी पान तयार होताना ती परत येते. सुधारणा मूळ कोडच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) करावी लागते.

प्रश्न : कुबरनेटिसची ही साइट मराठीत आणता येईल का? मी एकटा तयार आहे. — वाचक, शारजा

उत्तर : येईल, पण एकट्यानं नाही. स्वतःचा पीआर स्वतः मंजूर करता येत नाही, म्हणून नवी भाषा सुरू करायला किमान दोघं लागतात. हिंदी आणि बंगाली आवृत्त्या तिथं आहेत, त्यांची फोल्डरं उघडून बघा. मुखपृष्ठ, सेटअप, सुरुवातीची ट्युटोरियल्स, साइटवरची बटणं-शीर्षकं आणि नव्या आवृत्त्यांची (रिलीजची) पानं एवढं आधी व्हावं लागतं. वर्षाला तीन नव्या आवृत्त्या निघतात, त्यामुळं भाषांतर झाल्यावरही दर चार महिन्यांनी जुनी पानं पुन्हा बघायची तयारी हवी. दुसरा माणूस मिळाला की मला कळवा, मुखपृष्ठाचा मसुदा मी वाचून देईन.