वाचकांचे प्रश्न : शेवटचा भाग मनाला लागतो तेव्हा

प्रश्न : 'हाऊ आय मेट युअर मदर' ही मालिका मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने मिळून पूर्ण पाहिली. शेवटच्या भागाने इतका हिरमोड झाला की आता आवडते जुने भागही पाहवत नाहीत. बहीण म्हणते, "ताई, मालिकाच तर आहे!" माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही. (ज्यांनी ही मालिका अजून पाहिलेली नाही, त्यांनी हे उत्तर तूर्तास वाचू नये.) 2005 साली सुरू झालेल्या या मालिकेत टेड आपल्या दोन मुलांना समोर बसवून, त्यांची आई आपल्याला कशी भेटली, हे सांगत असतो. मुलांचे काम करणारे कलाकार मोठे होतील, म्हणून शेवटच्या भागातील त्यांचा प्रसंग 2006 सालीच चित्रित करून ठेवला होता. आईचे निधन होऊन सहा वर्षे झाली आहेत आणि बाबांनी आता त्यांच्या जुन्या प्रेयसीकडे, रॉबिनकडे जावे, असे मुलेच त्यांना सुचवतात, हा तो प्रसंग. तो प्रेक्षकांसमोर आला 31 मार्च 2014 रोजी.

मधल्या आठ वर्षांत कथा पुढे सरकली होती. रॉबिनला मनातून सोडून देणे टेडला किती जड गेले, हे प्रेक्षकांनी भागामागून भाग पाहिले होते. नववे पर्व जवळजवळ संपूर्ण रॉबिन आणि टेडचा मित्र बार्नी यांच्या लग्नाच्या दोन-तीन दिवसांवर बेतलेले होते आणि शेवटच्या भागाने ते लग्न काही मिनिटांत मोडून टाकले. ट्रेसी, म्हणजे ती आई, ज्या पर्वात कुठे जवळची वाटू लागली, त्याच पर्वाच्या अखेरीस तिचे जाणे अक्षरशः दोन वाक्यांत उरकले गेले. माझ्या मते लेखकांनी आपल्या जुन्या आराखड्याला दिलेला शब्द पाळला. पण त्या आराखड्याला मागे टाकून पुढे गेलेल्या कथेला दिलेला शब्द मोडला. तुम्हाला राग आला तो आईच्या मृत्यूचा नसावा. इतकी वर्षे जे मनापासून पाहिले, ते जणू घडलेच नाही असे भासवले गेले, याचा तो राग आहे, आणि तो रास्त आहे. पुढे डीव्हीडीच्या संचात एक पर्यायी शेवट देण्यात आला. त्यात ट्रेसीचा मृत्यू नाही आणि कथा रेल्वेच्या फलाटावरील त्या दोघांच्या भेटीपाशी थांबते. तो बहिणीसोबत अवश्य पाहा.

प्रश्न : शेवट अर्धवट सोडणे ही लेखकाची पळवाट नव्हे काय?

उत्तर : नेहमीच नाही. 'द सोप्रानोज'चा शेवटचा भाग 10 जून 2007 रोजी दाखवला गेला, तेव्हा पडदा अचानक काळा झाल्यामुळे अनेकांना केबलच गेली असे वाटले आणि मग संतापाची लाट उसळली. आता तो प्रसंग शांतपणे पाहा. मालिकेचा नायक, माफिया टोळीचा म्होरक्या टोनी उपाहारगृहात बसला आहे, दाराची घंटी वाजते, तो मान वर करतो आणि लगेच आपल्याला दारातून आत येणारा माणूस दिसतो. असे पुन्हा पुन्हा घडते. शेवटची घंटी वाजते, टोनी वर पाहतो आणि या वेळी समोर फक्त काळोख येतो. त्या काळोखाचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावावा. परंतु तिथवर नेणारी वाट एकेका पावलाने आखलेली आहे, म्हणून मी त्याला पळवाट म्हणणार नाही. अर्धवट ठेवणे वेगळे आणि गुंडाळणे वेगळे. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते, शेवटच्या आठव्या पर्वात अवघे सहा. सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिस या राणीचे क्रौर्याकडे वळणे आधी सूचित केलेले होते, पण त्याला पुरेसा अवकाश मिळाला नाही.

प्रश्न : प्रेक्षकांनी मोहीम उघडली तर काही फरक पडतो का?

उत्तर : झालेला शेवट बदलण्यासाठी क्वचितच. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे आठवे पर्व पुन्हा बनवावे, या मागणीवर 2019 साली दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या, तरी ते पुन्हा बनले नाही. बंद पडणारी मालिका चालू ठेवण्याच्या बाबतीत मात्र प्रेक्षकांना यश आलेले आहे. 'जेरिको' 2007 साली बंद करण्याचे ठरले, तेव्हा तिच्या अखेरच्या भागात नायकाने शत्रूला दिलेले "नट्स!" (इंग्रजीत धुडकावून लावण्याचा उद्गार, शब्दशः अर्थ दाणे) हे उत्तर उचलून प्रेक्षकांनी वाहिनीच्या कार्यालयात अक्षरशः टनावारी शेंगदाणे पाठवले. मालिकेला आणखी सात भाग मिळाले. त्यानंतर ती चालेल की नाही याची खात्री नसल्याने या वेळी दोन शेवट चित्रित केले गेले, एक कथा पुढे नेणारा आणि एक मिटवणारा. मालिका पुन्हा बंद झाली, पण 2008 साली दाखवला गेला तो मिटवणारा शेवट.