नॉरफोकहून सॅन डिएगोला: नर्सिंग परवान्याचा खर्च कसा सावरावा

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे: यजमान अमेरिकन नौदलात आहेत, नॉरफोकहून सॅन डिएगोला बदली ठरली आहे, तुमच्याकडे व्हर्जिनियाचा बहुराज्यीय नर्सिंग परवाना आहे, आणि कॅलिफोर्नियाचा परवाना काढायला येणारा खर्च नौदल परत देते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. देते, आणि एका बदलीमागे त्याची मर्यादा १,००० डॉलर आहे. पण मी सेनादलातल्या कुटुंबाची नर्स म्हणून दोन राज्यांतले परवाने बदलून घेतले आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगते की भरपाई ही या प्रकरणातली शेवटची पायरी आहे. तिच्याआधीच्या पायऱ्या नीट चढलात, तर मुळात खिशातून जाणारी रक्कमच बरीच कमी होईल.

आधी भरपाईचे नियम सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये संमत झालेल्या संरक्षण अधिकार कायद्याने बदलीमुळे जोडीदाराला नव्या राज्यात परवाना काढावा लागला, तर त्याचा खर्च ५०० डॉलरपर्यंत परत देण्याची मुभा सेनादलांना पहिल्यांदा मिळाली. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने ही मर्यादा १,००० डॉलर झाली. हे पैसे तुमच्या नव्हे, तर यजमानांच्या नावाने मिळतात, कारण कायद्याच्या दृष्टीने भरपाई सैनिकाला दिली जाते. त्यामुळे अर्जही त्यांनीच त्यांच्या कमांडच्या वेतन व कर्मचारी विभागातून करायचा असतो. नव्या राज्याने आकारलेले परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क आणि तत्सम खर्च यांत धरले जातात. जुन्या ठाण्यावर तुम्ही ज्या व्यवसायाचा परवाना बाळगून होतात, त्याच व्यवसायाचा नवा परवाना असला पाहिजे, आणि तो बदलीच्या हुकमाच्या तारखेपासून २४ महिन्यांच्या आत मिळालेला असला पाहिजे. अर्जाला बदलीचा हुकूम, जुन्या परवान्याची प्रत, नव्या परवान्याची प्रत आणि प्रत्येक खर्चाची पावती जोडावी लागते. म्हणजे नवा परवाना हातात येईपर्यंत सगळा पैसा तुम्हीच घालून बसायचे असते, आणि हे बजेट करताना लक्षात ठेवा.

पावतीबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते. २०२० मध्ये आम्ही वॉशिंग्टन राज्यातून कोलोराडोला गेलो, तेव्हा बोटांचे ठसे देण्यासाठी मी एका खासगी केंद्रात रोख पैसे दिले आणि पावती मागितली नाही. ती रक्कम मला कधीच परत मिळाली नाही, आणि यात चूक माझीच होती. तुम्ही पहिल्या दिवसापासून सगळे व्यवहार एकाच कार्डावर करा आणि पावत्यांच्या प्रती एका जागी ठेवा.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. व्हर्जिनिया नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचे नर्सिंग परवाने मानणाऱ्या राज्यांच्या करारात आहे, कॅलिफोर्निया नाही. म्हणून तुमचा बहुराज्यीय परवाना सॅन डिएगोच्या रुग्णालयात चालणार नाही आणि कॅलिफोर्नियाचा स्वतंत्र परवाना एंडोर्समेंटच्या, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या परवान्याच्या आधारे, मार्गाने घ्यावा लागेल. एनक्लेक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. अर्जाचे शुल्क ३५० डॉलर आहे, बाहेरच्या राज्यातून कागदावर ठसे पाठवल्यास त्याचे ४९ डॉलर, आणि जुन्या परवान्याची पडताळणी नर्सिस या परवान्यांच्या ऑनलाइन नोंदवहीवरून करून घेण्याचे ३० डॉलर. शक्य असेल, तर ठसे कॅलिफोर्नियात पोचल्यावर लाइव्ह स्कॅनने, म्हणजे यंत्रावर थेट डिजिटल पद्धतीने द्या, कारण कागदी ठशांची छाननी रेंगाळते आणि तिच्यामुळे सगळा अर्ज अडून राहतो.

यातले ३५० डॉलर तुम्हाला बहुधा भरावेच लागणार नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२२ पासून, राज्यात नेमणूक असलेल्या सेवारत सैनिकाच्या जोडीदाराकडे त्याच व्यवसायाचा दुसऱ्या राज्यातला चालू परवाना असेल, तर राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या परवाना मंडळांनी (नर्सिंगचे मंडळही त्यातलेच) अर्जाचे आणि पहिल्या परवान्याचे शुल्क माफ करायचे आहे, शिवाय अर्ज प्राधान्याने निकाली काढायचा आहे. त्यासाठी अर्जातच सैनिकी जोडीदार असल्याची नोंद करून बदलीचा हुकूम आणि विवाह प्रमाणपत्र जोडा. तुमचे लग्न महाराष्ट्रात नोंदलेले असेल आणि प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आजच करून घ्या. एकदा शुल्क भरले की माफी मागत बसण्यापेक्षा आधीच मागणे केव्हाही सोपे.

अर्जासोबत तात्पुरत्या परवान्याचीही मागणी करा. नोंदणीकृत नर्सच्या मंडळाला सैनिकी जोडीदारासाठी ती सोय आहे आणि पार्श्वभूमीची तपासणी पार पडल्यावर तो परवाना ३० दिवसांत द्यायचा असतो. मी हे मुद्दाम सांगते, कारण शुल्कापेक्षा कितीतरी मोठा खर्च म्हणजे बिनपगारी आठवडे. २०१४ मध्ये आम्ही टेक्ससमधल्या फोर्ट हूडहून टकोमाजवळच्या लुईस-मॅकॉर्ड तळावर गेलो. वॉशिंग्टन राज्य तेव्हा कॉम्पॅक्टमध्ये नव्हते (ते २०२३ मध्ये आले), आणि भरपाईचा कायदाही नव्हता. मी नोकरी सोडली, सामान हलवले, घर लावले आणि मग निवांत अर्ज केला. मंडळाने माझ्या महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजकडून गुणपत्रके आणि प्रात्यक्षिकांच्या तासांचा तपशील थेट मागवला. तिकडून कागद यायला लागलेला वेळ धरून मी ११ आठवडे घरी होते. तेवढ्या आठवड्यांच्या पगारापुढे सगळी शुल्के मिळूनही किरकोळ ठरली.

तुमचे शिक्षण भारतातले असेल, तर या बाबतीत कॅलिफोर्निया विशेष काटेकोर आहे असेच समजून चाला. कॉलेजला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेला लागणाऱ्या कागदांसाठी हुकूम हाती पडण्याची वाट न पाहता आताच पत्र पाठवा, आणि गावाकडे कोणी विश्वासू नातेवाईक असेल, तर त्यांना प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन पाठपुरावा करायला सांगा. कागद मात्र सीलबंद, कॉलेजकडून थेट मंडळाकडे गेले पाहिजेत.

जानेवारी २०२३ मध्ये सैनिकी नागरी संरक्षण कायद्यात झालेल्या सुधारणेबद्दलही तुम्ही ऐकले असेल. बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेलेल्या सैनिकाचा किंवा जोडीदाराचा परवाना त्या हुकमाच्या मुदतीपर्यंत नव्या राज्यातही वैध मानावा, अशी ती तरतूद आहे. त्याच वर्षी टेक्ससमध्ये हवाई दलातल्या एका सैनिकाच्या शाळा-समुपदेशक पत्नीला या तरतुदीच्या आधारे संघीय न्यायालयाकडून दिलासा मिळाला, आणि न्याय विभागानेही तिच्या बाजूने निवेदन दिले होते. शिक्षिका, समुपदेशक, केशरचनाकार अशा व्यवसायांतल्या भगिनींनी सर्वांत आधी याच मार्गाची चौकशी करावी. पण २०२३ च्या त्या सुधारणेतच म्हटले होते की, ज्यांना आंतरराज्य कॉम्पॅक्टखाली अनेक राज्यांत काम करता येते, त्यांना त्या कॉम्पॅक्टचे किंवा राज्याचे नियम लागू होतील. म्हणून तुम्ही हा मार्ग गृहीत धरून नोकरी स्वीकारू नका. मंडळाला ईमेलने लेखी विचारा, आणि लेखी होकार आला तरच त्यावर विसंबा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणी विसरतात, ती म्हणजे व्हर्जिनियाचा परवाना. सर्वसाधारण नर्सने आपले कायमचे निवासी राज्य बदलून कॉम्पॅक्टबाहेरचे केले, की तिचा बहुराज्यीय परवाना एकाच राज्यापुरता उरतो. सेवारत सैनिकाच्या जोडीदाराला मात्र, सैनिक सेवेत असेपर्यंत, जुने राज्यच आपले गृहराज्य म्हणून राखण्याची मुभा कॉम्पॅक्टच्या करारात दिलेली आहे. तीन वर्षांनी पुन्हा नॉरफोक, जॅक्सनव्हिल किंवा आणखी कुठल्या कॉम्पॅक्ट राज्यात बदली झाली, तर तुम्हाला नव्याने काहीच करावे लागणार नाही, म्हणून ही मुभा अवश्य वापरा. त्यासाठी करविवरणासह सर्व कागदांवर तुमचे कायदेशीर निवासस्थान व्हर्जिनियाच राहील याची काळजी घ्या. २००९ च्या सैनिकी जोडीदार निवास कायद्यामुळे तसे केल्यास तुमच्या पगारावर कॅलिफोर्निया राज्याचा प्राप्तिकर लागत नाही, व्हर्जिनियाचा लागतो. नोकरीवर रुजू होताना तसे घोषणापत्र द्यायचे असते, आणि त्याआधी तळावरच्या विधी सहायता कार्यालयात एकदा बसून या, तिथला सल्ला विनामूल्य असतो.

तळावर गेलातच, तर मायका (MyCAA) या सैनिकी जोडीदारांसाठीच्या शिष्यवृत्तीचीही विचारणा करा. यजमान खालच्या वेतनश्रेणीत असतील, तर परवान्याशी निगडित अभ्यासक्रम आणि परीक्षांसाठी एकूण ४,००० डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. मात्र तिथे मंजुरी आधी आणि खर्च नंतर असा क्रम आहे. आधीच भरलेले पैसे ती योजना परत देत नाही.

व्हर्जिनियाच्या परवान्याचे नूतनीकरण दर दोन वर्षांनी येते. तुमची तारीख प्रवासाच्या महिन्यांत पडत असेल, तर सामान बांधण्यापूर्वीच ते उरकून घ्या. नॉरफोकचा पत्ता बदलल्यावर मंडळाचे पत्र जुन्या घरी पडून राहिले आणि परवाना खंडित झाला, तर शुल्कमाफी, तात्पुरता परवाना आणि भरपाई या तिन्हींसाठी लागणारी ‘चालू परवान्या’ची अटच तुमच्या हातून निसटेल.