तपासलं आन् काय निघालं तर?

निपाणी-चिकोडीकडच्या बायकांशी बोलायला बसलं की हे वाक्य हमखास येतं. "मॅडम, तपासलं आन् काय निघालं तर? नगंच ते." आशाताई घरोघर फॉर्म भरून सांगते की तिशीपुढच्यांचं तोंड, स्तन, गर्भाशयाचं तोंड कॅन्सरसाठी सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात, आणि बायका तिला बघून मागच्या दारानं शेतात जातात.

त्यातल्याच एका मावशींचं सांगते, ओळख बदलून. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं, दोन्ही वेळ मिश्री, गालाच्या आत पांढरा डाग. सून माझ्याकडे घेऊन आली. सुरुवातीच्या भेटींत एकच पालुपद, "दुखत न्हाई, मग कशाला?" मी कॅन्सरचे आकडे काढलेच नाहीत. भीतीशी वाद घालून ती जात नाही, माणूस मनात स्वतःला काय सांगतोय ते बाहेर काढावं लागतं, मी असंच काम करते आणि बऱ्याचदा जमतं.

एकदा विचारलं, डाग आठवतो कधी?

"रोज रात्री. आडवी झाले की जीभ तिथंच जाती, वाढलाय का बघती."

"आणि मग?"

"मग काय, वाटतंय संपलं आता. पोरांच्या डोक्यावर कर्ज हुनार."

"म्हणजे तपासणी रोज चाललीय की मावशी! आणि रिपोर्टपण तुम्हीच लिहिताय, रोज वाईटच."

जरा वेळ गप्प. मग पदर तोंडाला लावून हसल्या, "आन् फी बी घेत न्हाई."

मला तिथं लख्ख दिसलं, तपासायला न जाणारी बाई बेफिकीर नसते. तीच सगळ्यात जास्त तपासत असते, फक्त एकटी, अंधारात.

मग दवाखान्यातली तपासणी सांगितली. बॅटरी लावून तोंडात बघतात, बोटानं चाचपतात, सुई नाही की काही नाही, काही मिनिटांचं काम. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, पण काही डाग पुढे तिकडे वळतात म्हणून दाखवायचा. पुसून न जाणारा पांढरा-लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला फोड, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यात थांबायचं नाही. तिरुवनंतपुरमला गावोगाव असं नुसतं बघूनच तपासलं होतं, तिथं तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी दिसले, हे 2005 साली छापून आलंय.

घरच्यांनो, "घाबरू नको" म्हणू नका, त्यानं काही होत नाही. "काय निघेल असं वाटतंय?" विचारा, आणि सोबत जा, बसभाडं तुम्ही काढा.

मावशी तपासायला गेल्या, पुढे बेळगावला तुकडा काढून तपासला, कॅन्सर नाही निघाला. मिश्री बंद करून अधूनमधून दाखवायला यायला सांगितलंय. सकाळची सुटलीय, संध्याकाळची अजून चालू आहे, सध्या आमचं भांडण त्यावरच आहे.