वाचक विचारतात : विजोड जोडी जमवताना

हलकीफुलकी प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांची काही पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझी नायिका बडबडी आणि पसारा घालणारी, नायक अबोल आणि शिस्तीचा. मैत्रिणीनं हस्तलिखित वाचलं आणि म्हणाली, "एकविसाव्या प्रकरणापर्यंत भांडतात, बाविसाव्यात एकदम गळ्यात पडतात!" मध्ये काय घालू?

उत्तर : 'बडबडी' आणि 'शिस्तीचा' या नुसत्या चिठ्ठ्या झाल्या. विजोडपणा कामात दिसू द्या. दोघांना एकच काम द्या, त्याला मुदत घाला आणि कुणालाही उठून जाता येऊ नये अशी अडचण करून ठेवा.

समजा, ग्रंथालयातली पुस्तकं मोजायला आठ दिवसांसाठी एक हिशेबनीस आलाय, आणि ग्रंथपालबाई कुणाकडूनच दंड घेत नाहीत. एक पुस्तक कपाटात नाही. तो वहीत 'गहाळ' लिहितो.

"गहाळ नाही हो, परत यायचंय."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

पाचव्या दिवशी तो तिच्या नकळत एका पुस्तकापुढे स्वतःच 'परत यायचंय' असं लिहितो. प्रेमाचं नाव कुणी काढलं नाही, पण वाचकाला कळायचं ते कळलं. एकाचा शब्द, एकाची सवय दुसऱ्याच्या अंगाला लागणं, ही झाली पायरी. ६०,००० शब्दांच्या कादंबरीत अशा पाच-सहा तरी हव्यात. भेट पहिल्या ३,००० शब्दांत उरका, पहिली पायरी १५,००० च्या आत येऊ द्या. तुमच्याकडे बहुधा पायऱ्याच नाहीत, थेट गच्ची आहे.

आणि बदल दोन्हीकडून हवा. सातव्या दिवशी तिनंही फोन उचलून एक पुस्तक परत मागायला हवं. एकटा तोच बदलत राहिला तर ते प्रेम कमी आणि सुधारगृह जास्त.

प्रश्न : शेवटाआधी ताटातूट हवी म्हणून नायिका नायकाला एका अनोळखी मुलीबरोबर पाहते. ती त्याची बहीण असते. चालेल?

उत्तर : एका फोनवर मिटणारं भांडण तीन प्रकरणं ताणलं की वाचक नायिकेवरच चिडतो. ताटातूट पाऊणएक कादंबरी झाल्यावर यावी हे बरोबर, पण जो फरक आधी गंमत वाटत होता त्यातूनच ती यावी. वरच्याच जोडीत बघा. हिशेबनिसाला अहवाल द्यायचाय. त्यात ३४० पुस्तकं गहाळ दाखवली तर तिची नोकरी जाते, लपवली तर त्याचा प्रामाणिकपणा. इथे गैरसमज काहीच नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून तर दुखतं.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) गैरसमज आहेतच. ६१ प्रकरणांपैकी ३४ व्यात नायक डार्सी नायिका एलिझाबेथला मागणी घालतो आणि नकार घेऊन जातो. पुढच्याच प्रकरणातल्या त्याच्या पत्रानं गैरसमजाचा मोठा भाग उलगडतो. तरी दुसऱ्यांदा विचारायला ५८ वं प्रकरण उजाडतं, कारण पत्रानं माहिती मिळते, स्वभाव मुरायला वेळ लागतो. बहिणीचा प्रसंग ठेवायचाच असेल तर त्याच पानावर उलगडा करा, विनोद म्हणून खपेल.

प्रश्न : माझ्या जोडीची नोकझोक वाचणाऱ्यांना कडवट वाटते. असं का होतं?

उत्तर : टोमणा कशावर मारलाय ते तपासा. उशिरा येण्यावर, चहात चार चमचे साखर घालण्यावर मारला तर हसू येतं. रंग, उंची, गरिबी, घरच्यांवर मारला की तो अपमान, मग पुढे कितीही फुलं द्या. दुसरं, डाव आळीपाळीनं जिंकू द्या. सतत एकाचीच सरशी होत असेल तर दुसऱ्याची कीव येते आणि तिथे प्रेमकथा आटोपलीच. तीन-चार वाक्यांत चकमक संपवून काहीतरी घडू द्या : दार वाजू दे, दूध उतू जाऊ दे. 'ती खट्याळपणे म्हणाली' असले खुलासे काढून टाका. वाक्य खट्याळ असेल तर ते सांगावं लागत नाही.

प्रश्न : शेवट लग्नानंच करावा लागतो का?

उत्तर : नाही. दोघं एकत्र राहणार एवढी खात्री वाचकाला मिळाली की पुरे. फक्त शेवटच्या पानावर कुणाला मारू नका.