सोलापूर: बास वाढवला की गाडीतला आवाज फाटतो, गेन आणि क्रॉसओव्हर किती ठेवू?

गेन आधी तळाला आणा आणि मल्टिमीटरने लावा, कानाने नको. तो व्हॉल्यूमचा नॉब नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, आवाजाची ताकद वाढवणारा डबा) जुळवायचा नॉब आहे. अ‍ॅम्पमधून स्पीकरच्या वायरी सोडवा, बास बूस्ट शून्य, क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा फिल्टर) बंद, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन (एकसुरी चाचणीचा आवाज) लावा, कारण साध्या मीटरचं एसी व्होल्टचं रीडिंग तिथे भरवशाचं असतं. अ‍ॅम्पचे वॉट गुणिले स्पीकरचे ओहम, या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे तुमचे व्होल्ट: ५० वॉट, ४ ओहमला साधारण १४. मीटर अ‍ॅम्पच्या स्पीकर-जोडणीला लावून गेन हळूहळू वाढवा, आकडा तिथे आला की थांबा. मग वायरी परत जोडून दारातल्या स्पीकरांना हाय-पास (त्याखालचा जाड आवाज अडवणारा) ८० हर्ट्झ (४ इंची असतील तर १००-१२०), सबला (सबवूफर, फक्त बासचा स्पीकर) लो-पास (त्यावरचा आवाज अडवणारा) ८०. मात्र स्टिरिओच पाऊण व्हॉल्यूमला फाटत असेल, तर मीटर ते दाखवणार नाही. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सीटखालचा अ‍ॅम्प तापून बंद पडला, तर गेनला हात लावण्याआधी त्याला हवा मिळतेय का ते बघा.