मंगळवारचं काय झालं?

"मावशी, बाळ २९ आठवड्यांचं, ११०० ग्रॅमचं जन्मलं. आता ६ आठवडे झाले. डोळ्यांत आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, निघालाय, दुसरी स्टेज. डॉक्टर म्हणाले, वाढलं तर लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन, घरी बोलून ठेवा. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला लेझर नको. ह्यांनी रात्र रात्र जागून मोबाइलवर वाचलंय, त्यांचा कल इंजेक्शनकडे आहे. फार काळजी करतात. मागच्या मंगळवारची तपासणी राहिली, ह्यांना रजा मिळाली नाही आणि मला एकटीला नाशिकला जाऊ देत नाहीत. काय निवडू? – एक आई, सिन्नर"

पोरी, निवडायचं नंतर बघू. तपासणी राहिली म्हणजे काय?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या की पडदा ओढला जाऊन सुटतो, आणि पूर्ण सुटला तर ऑपरेशन करूनही नजर फारशी हाती लागत नाही. दुसऱ्या स्टेजचं बाळ आठवड्या-दोन आठवड्यांत उपचारापर्यंत येऊ शकतं. आलं की ४८ ते ७२ तासांत उपचार व्हायला हवा. पण आलंय हे कळणार कुणाला, बाळ घरी असेल तर?

नवरा काळजी करतो म्हणतेस. असेल. त्या जागरणांचा बाळाच्या डोळ्यांना काडीचा उपयोग झालेला नाही, अर्ध्या दिवसाच्या रजेचा झाला असता.

इंजेक्शन वाईट नाही. काही मिनिटांत होतं, पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागण्याची शक्यता लेझरपेक्षा कमी, आणि आजार पडद्याच्या मध्याजवळ असला तर डॉक्टर बहुतेकदा तेच सुचवतात. पण त्यानं दबलेला आजार काही महिन्यांनीही पुन्हा उठू शकतो, म्हणून तपासण्या महिनोन्‌महिने चालतात. लेझरनं कडेचा भाग कायमचा जाळतात, बाजूची नजर थोडी कमी होते, पण आजार सहसा परत फिरत नाही. ज्या घरात पहिल्या महिना-दीड महिन्यातच मंगळवार चुकतो, त्या घरानं इंजेक्शनचा हट्ट धरू नये. निवड डॉक्टर सांगतील, पण तारीख का चुकली हे त्यांना खरं खरं सांग. ते तुम्ही वेळेवर याल असं धरून चाललेत.

आता हे वाचून झालं की दवाखान्यात फोन कर आणि उद्याची वेळ माग. पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू नकोस, परवानगीही मागत बसू नकोस. सिन्नर-नाशिक तीसेक किलोमीटर, एसटी दिवसभर असतात. एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, कांगारू केअर करत तासन्‌तास बाळाला छातीशी धरून बसलीस, तशीच एसटीत बस. तपासणीच्या तासभर आधी पाजून घे, म्हणजे उलटी होणार नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की थांबावं लागतं, तेव्हा जादा दुपटी घे. तपासताना रडेल, रडू दे.

आणि सासूबाईंना बरोबर ने. लेझरचं काय ते त्यांनी डॉक्टरांनाच विचारू दे.